बुद्धिबळाचा डाव सुरू करताना

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त बुद्धिबळ वर्गातील मुलामुलींपुढे व पालकांपुढे केलेले भाषण)



समितीने आम्हाला अर्धा तास दिला आहे आणि विषयही नेमून दिला आहे: बुद्धिबळाचा डाव सुरू कसा करावा. आम्ही काही या खेळातले मास्टर नव्हे. पाळी सुटल्यावर जुन्या बाजारातली पुस्तके चाळून, समोरच्याकडून मार खात खात जे कळले तेवढेच सांगणार आहोत. ज्यांना हत्ती कसा चालतो, उंट कसा चालतो हे ठाऊक आहे त्यांच्यासाठी हे भाषण आहे. ज्यांना तेही ठाऊक नाही त्यांनी मागे ताईंजवळ बसावे, त्या शिकवतील.

विषयाला हात घालण्याआधी एक शंका दूर करायला हवी. एका ज्येष्ठ उपासकांनी आम्हाला विचारले, "विहारात बुद्धिबळ कशाला? भगवंतांनी तर पटावरचे खेळ वर्ज्य सांगितले आहेत." त्यांचे वाचन पक्के आहे. दीघनिकायातले पहिलेच सुत्त ब्रह्मजाल सुत्त. श्रमण गौतम कोणकोणत्या गोष्टींपासून अलिप्त राहतात याची त्यात मोठी यादी आहे, तीत खेळ आहेत, आणि खेळांत पहिली नावे अट्ठपद व दसपद अशी आहेत. अट्ठपद म्हणजे आठ घरांच्या ओळींचा पट. तेव्हा उल्लेख आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. पट जुना आहे, खेळ नंतरचा आहे. आज आपण ज्याला बुद्धिबळ म्हणतो त्याचे मूळ चतुरंग; अष्टापद पटावरच्या चतुरंगाचा उल्लेख सातव्या शतकात बाणभट्टाच्या हर्षचरितात येतो, म्हणजे भगवंतांनंतर हजार-बाराशे वर्षांनी. दुसरे असे की सुत्तात ती यादी जुगार आणि प्रमाद यांची ठिकाणे म्हणून आलेली आहे. आपल्या पटावर फासा नाही, पैसा नाही. प्रमाद मात्र असू शकतो, हे आम्ही कबूल करतो. कामधंदा सोडून दिवसभर चाळीच्या कोपऱ्यावर पट घेऊन बसणारी माणसे आम्ही पाहिली आहेत, त्यांच्या घरच्या बायांना विचारा. म्हणून आपला वर्ग रविवारी दोनच तास असतो, आणि ज्याचा शाळेचा अभ्यास झालेला नाही त्याला पट मिळत नाही.

आणखी एक जण म्हणाले, चतुरंग म्हणजे चार वर्ण, हा खेळच मनुवादी! तसे नाही हो. चतुरंग म्हणजे सैन्याची चार अंगे: हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. रागावायला जगात खऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत, खोट्या कशाला शोधायच्या?

आता मुद्द्यावर येतो. हा विषय आम्ही मागून घेतला, त्याला कारण आहे. मागच्या हिवाळ्यात आपल्या वर्गातली तीन मुले बाहेरच्या एका आंतरशालेय स्पर्धेला गेली होती. नावे सांगत नाही, ती समोरच बसली आहेत आणि मान खाली घालायचे काही कारण नाही. तिघेही पहिल्या फेरीत हरले, त्यातले दोघे दहाव्या चालीच्या आत. हरण्याचे काही वाटले नाही. पण तिथल्या एका शिक्षकांनी, सभ्यपणेच, आम्हाला सांगितले, "मुलं हुशार आहेत हो, पण यांना सुरुवात येत नाही." ते वाक्य आमच्या कानात बसले. त्यांचे म्हणणे बुद्धिबळापुरते होते आणि ते खरेही होते. समोरची मुले महिन्याला फी भरून शिकवणी लावतात, त्यांच्याकडे संगणक आहे, पहिल्या दहा चाली त्यांना तोंडपाठ. आपले पोर पहिल्याच चालीपासून एकट्याच्या डोक्याने चालते. मधला डाव आणि शेवट यांत अक्कल चालते; सुरुवातीत मात्र ज्याला कुणी सांगणारे आहे तो पुढे निघून जातो. हे अंतर आज पैशाने भरून काढणे आपल्याला शक्य नाही. पण सुरुवातीची तत्त्वे समजून घेतली तर निम्मे अंतर फुकटात भरून निघते, असा आमचा अनुभव आहे.

पटाकडे बघा. तुमच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरे घर आहे ना? नसेल तर पट फिरवा. वजीर आपापल्या रंगावर: पांढरा पांढऱ्यावर, काळा काळ्यावर. उभ्या ओळींना डावीकडून ए, बी, सी करत एच पर्यंत नावे आहेत, आडव्या ओळींना १ ते ८ आकडे, हे तुम्हाला येते. पांढऱ्याला पहिल्या खेपेला किती चाली शक्य आहेत? मोजा. आठ प्यादी, प्रत्येक एक किंवा दोन घरे, झाल्या सोळा. दोन घोडे, प्रत्येकी दोन, झाल्या चार. एकूण वीस. काळ्यालाही वीस. म्हणजे दोघांची एकेक चाल होताच पटावर चारशे वेगवेगळ्या मांडण्या होऊ शकतात. हे सगळे पाठ कोण करणार? म्हणून पाठांतर बाजूला ठेवा आणि एक प्रश्न धरा: या चालीने माझ्या किती मोहऱ्यांना काम मिळाले?

गिरणीत बदली कामगार असत, हे तुमच्या आजोबांनी सांगितले असेल. पाळीच्या वेळी गेटवर येऊन उभे राहायचे, आत कुणी गैरहजर असेल तर हाक यायची, नाहीतर डबा तसाच घेऊन परत. माणूस धडधाकट, कसबी, पण गेटच्या बाहेर. त्याचा गिरणीला उपयोग नाही आणि त्याच्या घराला पगार नाही. डाव सुरू होतो तेव्हा तुमचे आठही मोठे मोहरे असे गेटबाहेर उभे असतात. हत्ती मोठा म्हणता, पण कोपऱ्यातला हत्ती एक घरही सरकू शकत नाही. उंटांपुढे आपलीच प्यादी. वजीर तर आपल्याच माणसांत कोंडलेला. फक्त घोडे उडी मारून बाहेर येऊ शकतात. सुरुवातीचे सगळे शास्त्र म्हणजे या आठ जणांना लवकरात लवकर कामावर घेणे. जो आधी घेतो त्याच्याकडे पटावर माणसे जास्त. समोरचा पाच जणांनी लढतो आणि तुम्ही दोघांनी, तर तुमची अक्कल कितीही असो, निकाल ठरलेला.

कामावर घ्यायचे, पण कुठे उभे करायचे? पटाच्या मध्याकडे. डी४, ई४, डी५, ई५ ही चार घरे म्हणजे चौक. चौकात उभा राहिलेला माणूस चारी रस्त्यांवर नजर ठेवतो, गल्लीच्या टोकाला उभा राहिलेला एकाच. हे आमच्या शब्दावर मानू नका, घोडा हातात घ्या आणि मोजा. एफ३ वरून घोडा आठ घरांवर जातो. तोच एच३ वर ठेवा, चारच घरे. कोपऱ्यात ठेवा, दोन. घोडा तोच, ताकद चौपट कमी. उंटाचेही तसेच: मोकळ्या पटावर मध्यातून तेरा घरे दिसतात, कोपऱ्यातून सात. हत्ती तेवढा अपवाद, मोकळ्या पटावर तो कुठेही उभा करा, चौदाच घरे. म्हणून त्याला घाईने बाहेर काढायचे नसते, त्याला मोकळा रस्ता करून द्यायचा असतो. आपल्यातली पुष्कळ मुले पहिल्याच चालीला एच प्यादे दोन घरे पुढे टाकतात, "हत्ती काढायचाय" म्हणून. मग हत्ती एच३ वर येतो आणि समोरच्याचा उंट त्याला तिथेच मारतो. हत्ती गेला, उंट मिळाला तरी तोटाच.

म्हणून पहिली चाल राजाचे किंवा वजिराचे प्यादे दोन घरे. ई४ खेळलात तर एका चालीत तीन कामे होतात. चौकातले एक घर तुमचे झाले, उंटाचा रस्ता उघडला, वजिराचाही उघडला. एफ३ खेळलात तर? एकही नाही, उलट घोड्याची जागा गेली आणि राजाच्या अंगावर वारा आला. एफ३ नंतर जी४ ही चाल तर कधीच खेळू नका. समोरच्याने ई५ खेळलेले असेल तर वजीर एच४ वर येतो आणि दोन चालींत मात, याहून लवकर मात होऊच शकत नाही.

प्याद्याबद्दल एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी. बाकीचे मोहरे चुकले तर मागे येतात, प्यादे मागे येत नाही. म्हणून सुरुवातीला प्याद्यांच्या चाली मोजक्या, दोन-तीन, आणि त्याही मोहऱ्यांना वाट करून देणाऱ्या. (प्यादे शेवटच्या घरात पोचले की वजीर होते यावर आजवर पुष्कळ भाषणे झाली आहेत. तो डावाच्या शेवटचा भाग आहे, आज त्याच्याकडे जायचे नाही.)

आता वजिराचे बघू, कारण आपला निम्मा वर्ग इथेच मार खातो. वजीर सर्वांत ताकदवान, म्हणून त्याला आधी काढायचा मोह होतो. पण जो जितका मोलाचा, त्याला तितके जपावे लागते. एक उदाहरण मांडा. पांढऱ्याने ई४, काळ्याने डी५. पांढऱ्याने ते प्यादे मारले, काळ्याने वजिराने परत मारले. पांढऱ्याचा घोडा सी३ वर आला आणि वजिरावर रोखला गेला. घोडा तर बाहेर येणारच होता, तो त्याच्या कामाला आला. काळ्याला मात्र वजीर पळवण्यात एक चाल घालवावी लागली. म्हणजे पांढऱ्याला एक दिवसाची हजेरी फुकट मिळाली. याला स्कँडिनेव्हियन बचाव म्हणतात आणि मोठे खेळाडूही तो खेळतात, हे सांगायला हवे. पण ते काय गमावतो आहोत हे समजून खेळतात. तुम्ही आज नका खेळू.

वजीर लवकर काढण्याचा आपल्याकडचा आवडता प्रकार म्हणजे चार चालींची मात. ई४, ई५. उंट सी४ वर, काळ्याचा घोडा सी६ वर. वजीर एच५ वर. आता एफ७ या घरावर उंट आणि वजीर दोघे रोखलेले. एफ७ च का? कारण सुरुवातीला त्या प्याद्याला एकट्या राजाचा जोर असतो, दुसऱ्या कुणाचा नाही. इथे काय होते ते बघा. आम्ही शिकवलेले असते की घोडे बाहेर काढा. मुलगा वजिरावर घोडा रोखायला म्हणून एफ६ वर घोडा टाकतो, खूशही होतो, आणि वजीर एफ७ वर येऊन मात. त्याने शिकवलेलेच केले होते! तत्त्व आंधळेपणाने धरले की असे होते. चाल करण्याआधी एकच क्षण हात मांडीवर ठेवायचा आणि विचारायचे, समोरच्याने ही चाल का केली? त्याला काय मारायचे आहे? मग जी६ ही चाल सापडते. वजीर एफ३ वर मागे येतो, पुन्हा एफ७ वर डोळा. आता घोडा एफ६ वर टाका, रस्ता बंद. आता हिशेब करा. पांढऱ्याने वजिराच्या दोन चाली घालवल्या आणि वजीर नेमका घोड्याच्या जागी जाऊन बसला. काळ्याचे दोन्ही घोडे बाहेर, उंटाला जी७ ची जागा तयार. डाव काळ्याचा चांगला आहे. म्हणून ज्यांना चार चालींच्या मातीचे वेड आहे त्यांना आमचे सांगणे, ही चाल अडाण्यावर चालते, आणि आपल्याला कायम अडाण्यांशीच खेळायचे आहे का?

यापेक्षा इटालियन पद्धत शिका. खूप जुनी आहे, साधी आहे, आणि तिच्यात प्रत्येक चालीला कारण सांगता येते. ई४, ई५. घोडा एफ३, तो ई५ च्या प्याद्यावर रोखतो. काळ्याचा घोडा सी६, त्या प्याद्याला जोर देतो. डी६ नेही जोर देता आला असता, पण मग एफ८ चा उंट कोंडला असता. एकाच कामाच्या दोन चाली समोर असतील तर जिच्यात कुणाची वाट अडत नाही ती घ्यावी. पांढऱ्याचा उंट सी४, एफ७ वर नजर. काळ्याचा उंट सी५, एफ२ वर नजर. मग पांढऱ्याचे सी३, पुढे डी४ खेळण्याची तयारी. काळ्याचा दुसरा घोडा एफ६, ई४ वर रोखलेला. पांढरा डी३ खेळून जोर देतो, काळा डी६ खेळून दुसऱ्या उंटाची वाट उघडतो. आणि मग दोघेही किल्लेकोट करतात.

किल्लेकोटाबद्दल दोन शब्द, कारण घरोघरी नियम वेगळे ऐकू येतात. राजा हत्तीच्या दिशेने दोन घरे जातो आणि हत्ती त्याच्यावरून पलीकडच्या घरात येतो. दोघांपैकी कुणीही आधी हललेले नसावे, मध्ये कुणी नसावे, राजाला शह नसावा, आणि राजा ज्या घरावरून जातो व जिथे पोचतो त्यांवर शत्रूची नजर नसावी. हत्तीवर नजर असली तर चालते, पुष्कळांना हे माहीत नसते. या एका चालीत राजा घरात जातो आणि हत्ती कामावर येतो. डावात दोन मोहरे एकदम हलवण्याची मुभा फक्त इथे आहे, ती सोडणारा माणूस दिवाळीचा बोनस नको म्हणणाऱ्यातला. किल्लेकोट झाला की राजापुढची तीन प्यादी उगीच हलवू नका. दाराला कडी लावायची आणि भिंत पाडायची, असे करू नये.

मग राहिलेला घोडा डी२ वर (सी३ तर प्याद्याने घेतले), राहिलेला उंट बाहेर, आणि वजीर एक-दोन घरे वर सरकला की दोन्ही हत्तींना एकमेक दिसू लागतात. हत्तींनी एकमेकांना पाहिले की सुरुवात संपली असे समजा.

हे सगळे एका डावात पाहायचे असेल तर १८५८ सालचा पॅरिसमधला डाव मांडा. ऑपेराच्या नाट्यगृहात, प्रयोग चालू असताना खेळला गेला. पांढरा पॉल मॉर्फी, वय एकवीस, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा. काळ्याकडून ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर, म्हणजे एक संस्थानिक नि एक सरदार, दोघे सल्लामसलत करून खेळत होते. मॉर्फी काही गरिबाचे पोर नव्हते, त्याचे वडील न्यायाधीश होते, तेव्हा त्याला उगीच आपला म्हणायला नको. पण खेळ बघा. ई४, ई५. घोडा एफ३, डी६. डी४. इथे काळ्याने उंट जी४ वर आणून घोडा अडकवला. पांढऱ्याने ई५ चे प्यादे मारले. काळ्याला उंट देऊन घोडा मारावा लागला, नाहीतर प्यादे जात होते. पांढऱ्याने वजिराने उंट मारला, काळ्याने प्यादे परत मारले. आता काळ्याचा बाहेर आलेला एकमेव मोहरा पटावरून गेलेला आहे. पांढऱ्याचा उंट सी४: एफ७ वर मातीची धमकी. काळ्याचा घोडा एफ६. पांढऱ्याचा वजीर बी३: आता एफ७ ही धोक्यात आणि बी७ ही. काळ्याने वजीर ई७ वर आणून एफ७ सांभाळले, आणि आपल्याच एफ८ च्या उंटाचे दार लावून घेतले.

इथे थांबा. बी७ चे प्यादे फुकट पडले आहे. आपल्या वर्गात विचारले तर सगळे एका आवाजात म्हणतील, मारा! मारले असते तर काळ्याने वजिराने बी४ वर शह देऊन वजिराला वजीर केला असता. पांढरा तरीही एका प्याद्याने वरचढ राहिला असता, वाईट काही नव्हते. पण मॉर्फीने प्याद्याकडे पाहिले नाही. त्याने सी३ वर घोडा काढला. काळ्याने सी६ खेळून प्यादे सांभाळले, मॉर्फीने उंट जी५ वर काढला. मोजा आता. पांढऱ्याचे कामावर असलेले: वजीर, दोन उंट, घोडा. काळ्याचे: एक घोडा, आणि स्वतःच्याच माणसांची वाट अडवून बसलेला वजीर. यानंतर काळ्याने बी५ खेळून उंटाला हाकलायला पाहिले, मॉर्फीने घोडा देऊन दोन प्यादी घेतली, उंटाने शह दिला, बाराव्या चालीला वजिराच्या बाजूने किल्लेकोट केला आणि हत्ती त्याच चालीत थेट डी ओळीवर आला. मग एक हत्ती दिला, दुसरा हत्ती त्याच्या जागी आणला, सोळाव्या चालीला वजीरसुद्धा देऊन टाकला, आणि सतराव्या चालीला डी८ वर हत्तीने मात. शेवटी मॉर्फीकडे प्याद्यांखेरीज एक हत्ती आणि एक उंट उरला होता. काळ्याकडे वजीर, हत्ती, उंट, घोडा सगळे होते. पण त्या हत्तीने आणि उंटाने संपूर्ण डावात एकही चाल केली नव्हती. ते गेटबाहेरच उभे होते.

हा डाव प्रत्येकाने घरी पाच वेळा मांडावा. पाठ करू नये, मांडावा. प्रत्येक चालीला काळ्याच्या जागी आपण काय केले असते हे विचारत मांडावा.

आता पोथीबद्दल. बुद्धिबळाच्या सुरुवातीची पोथी फार मोठी आहे, पुस्तकांची कपाटे भरतील एवढी, आता तर संगणकात आहे. कालाम सुत्त आपण या विहारात अनेकदा वाचले आहे. परंपरेने आले, ग्रंथात आहे, गुरूने सांगितले, एवढ्यावरून मानू नये, स्वतः पारखावे, असे भगवंतांनी केसपुत्ताच्या कालामांना सांगितले. बुद्धिबळात हे तंतोतंत लागू पडते. पाठ केलेल्या चालींचा मुलगा समोरच्याने सहाव्या चालीला वेगळे काही खेळले की भांबावतो. कारण जाणणारा भांबावत नाही. पण याचा अर्थ पुस्तक वाचूच नये असा जे काढतात त्यांच्याशी आमचे जमत नाही. कालामांना पारखा म्हणून सांगितले, डोळे मिटा म्हणून नव्हे.

मीर सुलतान खान यांचे उदाहरण सांगतो. पंजाबातले, सर उमर हयात खान या जमीनदाराच्या पदरी होते. लहानपणी देशी नियमांनी खेळायला शिकले. देशी नियमांत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर जाते, किल्लेकोट आजच्यासारखा नाही. आपल्याकडेही काही घरांत पहिल्या खेपेला दोन प्यादी एकेक घर सरकवतात, त्यातलाच प्रकार. १९२९ साली धन्याबरोबर ते लंडनला गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. पुन्हा १९३२ ला, पुन्हा १९३३ ला. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी कापाब्लांकाला हरवले, जो १९२१ ते १९२७ जगज्जेता होता. सुरुवातीची पुस्तकी माहिती त्यांना फारशी नव्हती. पहिल्या पंधरा चालींत अडचणीत यायचे आणि पुढच्या चाळीस चालींत त्यातून बाहेर निघायचे. लोक याचे कौतुक करतात. आम्हाला कौतुकाबरोबर चीडही येते. ज्या माणसाने अर्धी ताकद खड्ड्यातून वर येण्यात घालवून कापाब्लांकाला हरवले, त्याला खड्डा कुठे आहे हे कुणी आधी सांगितले असते तर? १९३३ नंतर धन्याबरोबर ते परत आले आणि स्पर्धेचे बुद्धिबळ जवळजवळ संपलेच. १९६६ साली वारले. जागतिक संघटनेने त्यांना मानद ग्रँडमास्टर केले ते २०२४ साली.

त्याच घरात फातिमा नावाची एक स्त्री सेवेला होती. तिने १९३३ साली ब्रिटिश महिला अजिंक्यपद जिंकले. हे मुलींनी ऐकून ठेवावे, आणि मुलींच्या आयांनीही. आपल्या मुंबईच्या रोहिणी खाडिलकर १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा गदारोळ झाला होता. १९८१ साली त्याच आशियाई महिला विजेत्या झाल्या. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ साली एकोणिसाव्या वर्षी महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. आणि आपल्या वर्गात मुली अजून मागच्या सतरंजीवर बसतात, पट कमी पडला की आधी त्यांचा उचलला जातो. पुढच्या रविवारपासून पट आधी त्यांना मिळेल, हे समितीच्या वतीने आम्ही इथे जाहीर करतो. अध्यक्षांनी मान हलवली आहे, सगळ्यांनी पाहिले.

काळ्या मोहऱ्यांबद्दल एक शब्द सांगायचा राहिला. पांढऱ्याची चाल आधी असते, म्हणून काळा सुरुवातीला अर्धे पाऊल मागे असतो. त्याने घाई करून ते अर्धे पाऊल एका उडीत भरून काढायला जाऊ नये. तीच कामे करावी: चौकात एक प्यादे, घोडे, उंट, किल्लेकोट. समोरच्याने एक जरी चाल फुकट घालवली, एच३ सारखी विनाकारण, की बरोबरी झाली. काळ्याने खेळताना समोरच्याच्या फुकट चाली बोटांवर मोजत बसावे, ही सवय फार उपयोगाची आहे.

अर्धा तास संपला, स्वयंपाकघरातून खिरीचा वास यायला लागला आहे आणि तुमचे लक्ष तिकडे गेलेले आम्हाला दिसते आहे. तरी एक डाव होऊ द्या. जोड्या लावा, लहानांना पांढरे मोहरे द्या. बरोबर दहा चाली खेळायच्या आणि थांबायचे, हात वर करायचा. आम्ही प्रत्येक पटाजवळ येऊन दोन्ही बाजूंचे मोजू, किती कामावर आले आणि किती गेटबाहेर राहिले. त्यानंतरच खीर. पटावर सांडू नका, पट समितीचे आहेत.

जयभीम!